पावसाळ्यात पिस्तुलाच्या मुठीवरचं रबरी कव्हर सरकतं : काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं. खालच्यापैकी दोन-तीन जुळली तर पुढचं वाचा.

पहिले पाच-सहा शॉट मूठ हातात नीट बसते, मग प्रत्येक शॉटनंतर पकड नव्याने घ्यावी लागते. कव्हरवरच्या बोटांच्या खाचा समोर असायच्या त्या हळूहळू एका बाजूला फिरतात. कव्हरची खालची कड वर गुंडाळली जाते, किंवा उलट खाली उतरून मॅगझिनच्या तोंडावर येते आणि मॅगझिन बसताना नेहमीचा ‘टक’ आवाज येत नाही. उजव्या हाताने मारणाऱ्याचे शॉट डावीकडे खाली जायला लागतात, आणि प्रशिक्षक ‘ट्रिगर ओढू नकोस’ असं सांगून थकतो. सरावानंतर तळव्यावर काळपट डाग राहतो, कव्हर हाताला चिकट लागतं. कव्हरच्या कडेला तपकिरी पाण्याची बारीक रेघ दिसते. ही शेवटची खूण दिसली तर बाकीचं बाजूला ठेवा आणि आजच कव्हर काढा.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात नेमबाजीच्या एका रेंजवर शस्त्रखोली सांभाळतो. चौदा पावसाळे झाले. जून ते सप्टेंबर या काळात माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार हीच, आणि बहुतेक जण येतात ते नवं कव्हर विकत घेऊनच. नवं कव्हर पंधरा दिवस नीट चालतं, मग तेही फिरायला लागतं. कारण खराबी बहुतेक वेळा कव्हरमध्ये नसतेच, ती कव्हरच्या वर असते किंवा खाली. वर म्हणजे तुमचा हात, खाली म्हणजे तेल आणि ओल.

इथे मी बोलतोय ते मुठीवर मोज्यासारखं चढवायच्या रबरी किंवा सिलिकॉनच्या कव्हरबद्दल. क्लबची शिकाऊ एअर पिस्तुलं, .२२ ची स्पोर्ट पिस्तुलं, परवान्याची .३२ रिव्हॉल्व्हर, सगळ्यांना हे लागू आहे. १२ बोअरच्या बंदुकीच्या दस्त्याला मागून चढवतात त्या रबरी बुटाबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे.

हात लावण्याआधी

मॅगझिन काढा. स्लाइड किंवा बोल्ट मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी पाहा, मग करंगळी घालून चाचपा. रिव्हॉल्व्हर असेल तर उघडून सहाही घरं मोजा. एअर पिस्तुलाच्या नळीत पेलेट राहिलेलं नाही याची खात्री करून सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची रंगीत खूण) घाला. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, त्याच टेबलाच्या खणात नको. कव्हर चढवताना आपण मूठ जोराने आवळतो, पिळतो, बोटं कुठेही जातात. भरलेल्या शस्त्रावर हे काम करणाऱ्या माणसाला मी दोनदा थांबवलं आहे, आणि दोन्ही वेळा त्याची खात्री होती की शस्त्र रिकामं आहे.

काय सरकतंय ते आधी ठरवा

याला पैसे लागत नाहीत आणि दोन मिनिटांत अर्धं निदान होतं. तरी हे कोणीच करत नाही याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

पांढरी पेन्सिल किंवा खडू घ्या. कव्हरची वरची कड जिथे संपते तिथे अशी एक बारीक उभी रेघ ओढा की ती अर्धी कव्हरवर आणि अर्धी शस्त्राच्या धातूवर येईल. आता नेहमीसारखी पकड घेऊन वीस वेळा नेम धरा, खाली घ्या, पुन्हा धरा. .२२ रिमफायर असेल तर रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबू नका, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून दोन्हींचं नुकसान होतं. नुसती पकड पुरेशी आहे.

आता रेघ पाहा. रेघ तुटून दोन तुकडे सरकले असतील तर कव्हर मुठीवर फिरतंय. रेघ सरळ असेल आणि तरी हाताला सरकल्यासारखं वाटत असेल, तर हात कव्हरवर घसरतोय. हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याचा उपाय कव्हरच्या आत असतो, दुसऱ्याचा साबणाच्या वडीत.

हात

रेघ सरळ राहिली तर इथून सुरुवात करा. साध्या साबणाने हात धुवा, कोरड्या सुती पंच्याने बोटांच्या मधली जागासुद्धा पुसा, आणि पुन्हा पकडून पाहा.

गेल्या वर्षी एक शाळकरी मुलगी यायची. गुण चांगले, पण सकाळच्या सरावात मूठ सरकायची आणि संध्याकाळी नाही. तिच्या बाबांनी दोन कव्हरं बदलली होती. मी तिला विचारलं, “बाय, सकाळी येण्याआधी काय काय करतेस?” आंघोळ, वेणी, नाश्ता. वेणी घालताना आई केसांना खोबरेल लावायची, आणि टोकं ती स्वतः विंचरायची. तळव्यावर तेलाचा इतका पातळ थर राहतो की डोळ्यांना दिसत नाही, पण रबराला तो पुरतो. वेणी आदल्या रात्री घालायला सांगितली. तेवढंच.

दुसरं कारण डासांचं मलम. रेंजच्या मागे पाणी साचतं, संध्याकाळी डास होतात, सगळे हातापायांना चोळतात. त्यातल्या पुष्कळ मलमांत डीट नावाचं रसायन असतं. ते पकड तर घालवतंच, शिवाय काही प्लास्टिक आणि वॉर्निश मऊही करतं. मलम लावायचंच असेल तर हाताच्या पाठीने लावा आणि तळवे धुऊन घ्या. उन्हासाठीच्या क्रीमचंही तसंच.

टाल्कम पावडर मात्र नको. कोरड्या दिवसात ती दहा मिनिटं बरी वाटते. आमच्याकडे जुलैमध्ये हवेतच एवढं पाणी असतं की पावडरीचा चिखल होतो आणि तो कव्हरच्या नक्षीत जाऊन बसतो.

हात स्वच्छ, कोरडा, आणि तरी काही मिनिटांत तळव्यातून थेंब पडण्याइतका घाम येत असेल, थंड खोलीतही येत असेल, तर तो कव्हरचा प्रश्न राहिलाच नाही. त्याला उपचार आहेत, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. दोन मुलांना मी असं पाठवलं आहे. त्यांना वाटत होतं की ती घाबरतात म्हणून घाम येतो.

कव्हरच्या आत

रेघ तुटली असेल तर कव्हर काढा. खालून वर सावकाश गुंडाळत काढा, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. काढलं की आधी वास घ्या, मग आतून बोट फिरवा.

तेलकट लागलं तर तेल आलं कुठून? बहुतेक वेळा तुमच्याच बाटलीतून. पावसाच्या भीतीने लोक शस्त्राला न्हाऊ घालतात. पिस्तूल नळी वर करून ठेवलं की जास्तीचं तेल रात्रभर ओघळत मुठीकडे उतरतं, कव्हरच्या कडेतून आत शिरतं आणि तिथेच राहतं. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं आणि सैल पडतं, सिलिकॉनही फुगतं. एकदा फुगून ढिलं झालेलं कव्हर धुऊन पूर्ववत होत नाही. तेल लावायचं ते कापडावर दोन थेंब घेऊन पुसण्यापुरतं.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. औषधाच्या दुकानात ७० टक्क्यांचं मिळतं. इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे ९९ टक्क्यांचं असतं, ते जास्त चांगलं, कारण पाणी कमी. कापसाने मूठ आणि कव्हरची आतली बाजू पुसा, कापूस काळा यायचा थांबेपर्यंत. लाकडी मूठ असेल तर आधी कोपऱ्यात न दिसणाऱ्या जागी लावून पाहा, कारण लाखेचं पॉलिश अल्कोहोलमध्ये विरघळतं. पेट्रोल आणि थिनर वापरू नका. पेट्रोल कव्हर फुगवतं, थिनर प्लास्टिकची मूठ खातो, आणि बंद खोलीत दोन्हींची वाफ धोक्याची.

तेल नसून आत नुसताच चिकटपणा असेल, बोटाला डिंकासारखं काहीतरी लागत असेल, तर कव्हर संपलं. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातून काढलेल्या बुटाचा तळवा चालता चालता भुगा होऊन पडतो ना, तेच इथे होतं. पॉलियुरेथेनसारखे मऊ प्लास्टिकचे प्रकार दमट हवेतल्या पाण्याने आतून तुटत जातात. असं कव्हर धुण्यात वेळ घालवू नका, फेकून द्या.

गंज

इथे थोडं थांबून सांगतो, कारण पकड सुधारण्याच्या नादात शस्त्र गमावलेले लोक मी पाहिले आहेत.

घामात मीठ असतं. कव्हर आणि पोलाद यांच्यामधली फट केसाएवढी असते, तिथे घाम ओढला जातो आणि वारा लागत नसल्यामुळे वाळत नाही. वर निळसर काळी झिलई असली तरी ती गंजापासून फार थोडं संरक्षण देते, तिला वरून तेलाचा हात लागतोच. म्हणजे जिथे तेल हवं तिथे कव्हर, आणि कव्हर टिकवायचं तर तेल नको, असा हा पेच आहे. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना हवेतलं मीठही नडतं.

सत्तर वर्षं उलटलेले एक काका, घराण्यात परवाना जुना. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी इतरांसारखं त्यांनीही आपलं .३२ रिव्हॉल्व्हर जमा केलं, वर कव्हर चढवलेलं तसंच. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं, सहा गोळ्यांचं. गोव्यात मतदान ७ मे ला झालं, काकांनी शस्त्र परत घेतलं ते पाऊस लागल्यावर, आणि तेही कपाटात तसंच ठेवलं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी माझ्याकडे आणलं ते “मूठ हलते रे” म्हणून. कव्हर काढलं तर मुठीच्या मागच्या पोलादी पट्टीवर बोटभर लांबीचा गंज, आणि त्यात सुईने टोचल्यासारखे खड्डे. वरचा गंज पुसला जातो, खड्डा भरत नाही. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. ते रिव्हॉल्व्हर त्यांच्या वडिलांनी घेतलेलं होतं.

म्हणून तपासताना नखाने पाहा. लालसर धूळ आहे, नख फिरवल्यावर गुळगुळीत लागतं, तर तेलाच्या कापडाने हळू पुसून काढा, मग ते तेल अल्कोहोलने साफ करा. नख अडकलं, तर खड्डे पडले आहेत. पॉलिश पेपर घासू नका, झिलई जाईल आणि गंज दुप्पट वेगाने येईल. इथे थांबायचं. पुढचं काम परवानाधारक गनस्मिथचं.

मूठच हलते का

कव्हर काढलेलं आहे तोवर हे पाहून घ्या. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या अंगठ्याने दाबा. हलत असतील तर कव्हर कितीही घट्ट असलं तरी फिरणारच. बहुतेक वेळा स्क्रू ढिला असतो. खाचेत पूर्ण बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या आणि बोटांच्या जोरापुरतं आवळा. लाकूड पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळे मे महिन्यात जोर लावून आवळलेला स्क्रू जुलैमध्ये लाकडालाच चीर पाडतो. स्क्रूचं डोकं झिजलेलं असेल किंवा पट्टीला चीर दिसली तर हात मागे घ्या.

माप

कव्हर स्वच्छ, मूठ घट्ट, आणि तरी फिरतंय? मग मापाकडे वळा. मुठीच्या मध्यावर जाड दोरा गुंडाळून घेर मोजा, मग मोकळ्या कव्हरचा आतला घेर मोजा. कव्हरचा घेर स्पष्टपणे लहान हवा. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर ते कव्हर कधीच धरणार नाही. ‘सगळ्यांना बसतं’ असं लिहिलेली कव्हरं मी घेत नाही. ज्या मॉडेलसाठी बनवलेलं आहे तेच घ्या, कारण बटणांसाठीची भोकं त्याच मॉडेलच्या जागेवर पाडलेली असतात. आत पट्टी, चिकटपट्टी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून माप जमवायला जाऊ नका. तेवढीच जास्त ओल आत धरून राहते.

पुन्हा चढवताना

मूठ आणि कव्हर दोन्ही पंख्याखाली रात्रभर वाळू द्या. कव्हरच्या आत अल्कोहोलचे काही थेंब फिरवा आणि लगेच, ओलं असतानाच, एका दमात चढवा. अल्कोहोल तेवढ्यापुरतं निसरडं करतं आणि मग उडून जातं. खोलीत दिवा, उदबत्ती, गॅस काहीही पेटतं नको. साबणाचं पाणी वापरू नका, ते आत अडकतं. तेल किंवा ग्रीस तर नाहीच. झटपट चिकटणारा गोंदही नको. त्याची वाफ धातूवर पांढरी साय धरते, आणि पुढच्या वेळी कव्हर काढताना मुठीची कातडी सोलून येते. चढवल्यावर चोवीस तास शस्त्र वापरू नका.

यानंतरची तपासणी न करता शस्त्र वापरायला घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. रिकामं मॅगझिन दहा वेळा घाला आणि काढा, प्रत्येक वेळी ते स्वतःच्या वजनाने खाली पडायचं तसंच पडलं पाहिजे. मॅगझिन सोडायचं बटण कव्हरखाली दाबलं जात नाही ना, ते पाहा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मुठीच्या मागे असलेली सेफ्टी. १९११ या जुन्या कोल्ट मॉडेलच्या कुळातल्या पिस्तुलांना मुठीच्या पाठीत एक दाबायचा पट्टा असतो. हाताने मूठ धरली की तो आत जातो आणि तेव्हाच ट्रिगर चालतो. घट्ट कव्हर तो पट्टा कायमचा आत दाबून ठेवू शकतं, म्हणजे सेफ्टी असून नसल्यासारखी. पट्टा मोकळा राहील असं कापलेलं कव्हर नसेल तर त्या पिस्तुलावर कव्हर घालूच नका. पकड थोडी कमी असली तरी चालेल.

मग ट्रिगरवर बोट ठेवून पाहा. कव्हरने मूठ जाड होते, बोट तेवढं मागे पडतं. आधी बोटाच्या पेराचा मध्य ट्रिगरवर यायचा तिथे आता टोक येत असेल, तर ट्रिगर सरळ मागे येण्याऐवजी बाजूला ढकलला जातो. लहान हाताच्या मुलांना जाड कव्हर देऊन पालक त्यांचं नुकसान करतात. त्यांना पातळ कव्हर द्या किंवा काहीच देऊ नका.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. १० मीटर एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावं लागतं, वजन १५०० ग्रॅमच्या आत. २५ मीटर पिस्तुलाची पेटी ३०० × १५० × ५० ची. अंगठ्याच्या टेकूसकट मूठ आधीच पन्नासच्या जवळ असेल तर कव्हर तिला बाहेर काढू शकतं. १० मीटर एअर रायफलच्या पिस्तूल-ग्रिपवर, म्हणजे हाताने धरायच्या मुठीवर, पकड वाढवणारं साहित्य लावायला मुळातच मनाई आहे. शस्त्रतपासणीच्या टेबलावर कव्हर ओढून काढताना रडवेलं झालेलं पोर बघवत नाही, म्हणून आधीच मोजा.

१२ बोअरचा रबरी बूट

सत्तरी, धारबांदोडा, सांगे या तालुक्यांत रानडुकरांपासून पीक राखायला घेतलेल्या जुन्या बंदुका आहेत. दस्त्याला मागून रबरी बूट चढवला की खांद्याला धक्का कमी बसतो. हा बूट एका बाजूला पिळवटला की धक्का एका कडेवर येतो आणि खांदा काळानिळा पडतो. इथेही रेघेची युक्ती चालते. फरक इतकाच की आत पोलादाऐवजी लाकूड आहे, तेव्हा गंजाऐवजी बुरशी. बूट काढून कुबट वास आला, लाकूड नखाने दबलं, तर ती बंदूक उडवू नका. बुटाने दस्ता थोडा लांब होतो हेही लक्षात घ्या. आखूड हाताच्या माणसाला बंदूक खांद्याला लावताना ती काखेत अडकते.

कुठे थांबायचं

खड्ड्यांचा गंज, चौकटीत चीर, झिजलेला स्क्रू, परत न उसळणारी सेफ्टी, कव्हर काढल्यावरही बदललेला वाटणारा ट्रिगर, मऊ पडलेलं लाकूड. यांपैकी एक जरी असेल तर शस्त्र रिकामं करून कुलपात ठेवा आणि परवानाधारक गनस्मिथला फोन करा. ओळखीच्या लेथवाल्याकडे किंवा स्कूटर मेकॅनिककडे नेऊ नका. त्याचा हात कितीही चांगला असो, १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकांची दुरुस्ती हा धंदा करायला परवाना लागतो. कव्हर बसावं म्हणून मूठ कानशीने घासणं, भोक पाडणं, चौकटीवर काही कापणं, हे घरी कधीच नाही. शस्त्रावरचा क्रमांक कव्हरखाली झाकला जात असेल तर तपासणीला नेताना कव्हर काढूनच न्या. घासताना त्या क्रमांकाला धक्का लागला तर प्रकरण कलम ८ मध्ये जातं.

बाकी वर्षभराचं वेळापत्रक असं ठेवा. मे अखेरीला घरात पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरता, त्याच आठवड्यात कपाटातलं सिलिका जेल बदला किंवा तापवून घ्या. पावसाळ्यात दर सरावानंतर कव्हर काढायची गरज नाही, पण आठवड्याला एकदा काढा, पुसा, वाळवा. आठ दिवसांपेक्षा जास्त काळ शस्त्र कुलपात राहणार असेल, चवथीची सुट्टी असो, परगावी जाणं असो की निवडणुकीत जमा करणं असो, कव्हर काढून वेगळ्या डब्यात ठेवा आणि उघड्या मुठीच्या पोलादावर तेलाचं कापड एकदा फिरवा. चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नका, चामडं स्पंजासारखी ओल धरतं.